घर, शाळा आणि हद्दीची रेषा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे म्हणणाऱ्या पूर्वजांना घराच्या कामातील खर्चाचा आणि दगदगीचा पुरता अनुभव होता. जागा निवडताना पाणी, वारा, उजेड, शेजार आणि बाजार यांचा विचार ते करीत. परंतु आपले घर कोणत्या शाळेच्या हद्दीत पडते, हा प्रश्न त्यांच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र मुलेबाळे असलेले कुटुंब घर शोधू लागले की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. खोल्या किती, अंगण केवढे, कचेरी किती दूर, हे सारे त्यानंतर येते. १९६५ च्या कायद्याने त्या देशाचे दार आशियातील लोकांना अधिक मोकळे झाले आणि त्यानंतर हजारो मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. त्यांची वस्ती इतकी वाढली की १९८१ साली उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. या कुटुंबांनाही घर घेताना हाच प्रश्न सोडवावा लागतो, आणि सुटीत गावी आलेल्या लेकीसुनांच्या बोलण्यात 'आमची शाळा चांगली आहे' याऐवजी 'आमचा डिस्ट्रिक्ट चांगला आहे' असे शब्द का येतात, याचे रहस्यही त्यातच आहे.

हे समजून घेण्यासाठी अमेरिकन शाळेची घडण प्रथम पाहावी लागते. त्या देशाच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. तो विषय राज्यांकडे, आणि राज्यांकडून बहुतांशी गावांकडे आलेला आहे. या प्रथेची मुळे फार जुनी आहेत. १६४७ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीने असा कायदा केला की पन्नास घरांच्या गावाने लिहिणेवाचणे शिकविणारा शिक्षक नेमावा आणि शंभर घरांच्या गावाने व्याकरणशाळा चालवावी. गावाची शाळा गावाने पोसावी, ही कल्पना तेथून रुजली. पुढे शाळांचा कारभार पाहण्यासाठी स्वतंत्र प्रदेश आखले गेले. त्यांना 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणतात. हा जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. कधी तो एका खेड्याएवढा असतो, तर कधी सबंध महानगराएवढा. १९४० च्या सुमारास असे १ लाख १७ हजार जिल्हे होते. एकत्रीकरण होत होत आज ते १३ हजारांच्या घरात आले आहेत. प्रत्येक जिल्ह्याचे स्वतःचे मंडळ असते, बहुधा मतदारांनी निवडलेले. हे मंडळ जिल्ह्याच्या पोटात पुन्हा रेषा आखते आणि अमुक गल्लीतील मुले अमुक शाळेत जातील असे ठरविते. हीच शाळेची प्रवेशहद्द होय. सरकारी शाळेत फी नसते. परंतु ती शाळा मिळण्यासाठी त्या हद्दीत राहावे लागते. म्हणजे शाळा फुकट असली तरी तिच्यापर्यंत पोहोचविणारा उंबरठा फुकट नसतो.

या उंबरठ्याची किंमत वाढविणारे दुसरे कारण म्हणजे घरपट्टी. साथीच्या काळातील जादा मदत सोडली, तर शाळांच्या एकूण खर्चापैकी केंद्र सरकारचा वाटा सामान्यतः दहाव्या हिश्श्याहून कमी असतो; उरलेला भार राज्य आणि स्थानिक प्रदेश जवळजवळ निम्मानिम्मा उचलतात. स्थानिक वाट्यातील मोठा भाग घरादारांवरील कराचा असतो. जेथे घरे महाग, तेथे कराचा दर हलका ठेवूनही पैसा पुष्कळ जमतो. जेथे घरे स्वस्त, तेथे दर चढा ठेवूनही तिजोरी रिकामी राहते. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहराचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. तेथील एजवूड हा गरीब जिल्हा १९६७-६८ साली एका विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर खर्चू शकत होता, तर त्याच शहरातील अलामो हाइट्स हा सधन जिल्हा ५९४ डॉलर खर्चीत होता. पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की शिक्षण हा त्या देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, म्हणून ही व्यवस्था घटनाबाह्य ठरत नाही. यानंतर अनेक राज्यांच्या न्यायालयांनी आपापल्या राज्यघटनांच्या आधारे विषमता कमी करण्याचे आदेश दिले आणि राज्यांची मदत वाढली. परंतु घर आणि शाळा यांची जी गाठ पडली होती ती सुटली नाही.

रेषेला वर्णभेदाचाही काळा इतिहास आहे. १९५४ साली ब्राऊन खटल्याच्या सुप्रसिद्ध निर्णयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा कायद्याने बंद झाल्या. पण वस्त्याच जर वेगळ्या असतील, तर शाळा आपोआप वेगळ्या राहतात. डेट्रॉइट शहरातील काळी मुले आणि भोवतालच्या उपनगरांतील गोरी मुले यांना एकत्र आणण्याची योजना पुढे आली, तेव्हा १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनीच, असे ठरविले की उपनगरांच्या जिल्ह्यांनी स्वतः भेदभाव केल्याचे किंवा त्यास हातभार लावल्याचे सिद्ध झाल्याखेरीज त्यांना अशा योजनेत ओढता येणार नाही. याचा व्यावहारिक अर्थ पालकांनी तत्काळ ओळखला. जिल्ह्याची हद्द ओलांडून पलीकडे घर घेणे ज्याला परवडते, त्याच्या मुलांची शाळा बदलते. ज्याला परवडत नाही, त्याची बदलत नाही.

अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष या गोष्टीकडे फार पूर्वीच गेले होते. १९५६ साली चार्ल्स टिबू यांनी एका लेखात असे मांडले की लोक निरनिराळ्या गावांची पारख करतात आणि आपल्याला हव्या त्या सोयी व परवडेल तो कर जेथे असेल तेथे बिऱ्हाड हलवितात. जणू पायांनीच मतदान करतात. परंतु चांगल्या शाळेपायी घराची किंमत नेमकी किती वाढते, हे मोजणे सोपे नाही. चांगल्या शाळेजवळची घरे बहुधा मोठी असतात, रस्ते रुंद असतात, झाडी दाट असते. किमतीतला कोणता भाग शाळेचा आणि कोणता झाडीचा, हे कसे ओळखावे? सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली यावर एक सुरेख युक्ती योजली. त्यांनी बॉस्टन शहराच्या उपनगरांतील अशी घरे घेतली की जी एकाच जिल्ह्यात, एकाच वस्तीत, परंतु प्रवेशहद्दीच्या रेषेच्या दोन बाजूंना होती. कर तोच, झाडी तीच, बाजार तोच; फरक एवढाच की एका बाजूची मुले एका शाळेत आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या शाळेत जात. त्यांना आढळले की परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असलेल्या प्राथमिक शाळेसाठी पालक घराला सुमारे अडीच टक्के अधिक किंमत देतात. ४ लाख डॉलरांच्या घरावर ही रक्कम १० हजार डॉलर होते. फरक पाच टक्क्यांहून मोठा असेल आणि रेषा जिल्ह्याजिल्ह्यांतील असेल, तर अंतर पुष्कळच वाढते, हे उघड आहे.

आता प्रश्न असा की ज्या गुणांसाठी ही किंमत मोजली जाते, त्या गुणांत असते तरी काय? २००२ साली अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणित यांच्या परीक्षा घेणे राज्यांना भाग पाडले. त्यातून प्रत्येक शाळेच्या निकालाचे आकडे सर्वांसमोर आले. कॅलिफोर्नियात १९९८ साली सुरू झालेल्या 'ग्रेटस्कूल्स' नावाच्या संस्थेने असे आकडे घेऊन शाळेला एक ते दहा यांपैकी एक अंक देण्याची पद्धत लोकप्रिय केली. घरांच्या जाहिरातींत किमतीशेजारी हा अंक झळकू लागला आणि घर पाहणाऱ्याची नजर अंगणाआधी त्या अंकावर खिळू लागली. अंक पाहणे सोपे असते. त्याचा अर्थ लावणे तितके सोपे नसते.

१९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा प्रचंड अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीवर तो आधारलेला होता. शाळेच्या इमारती, ग्रंथालये आणि खर्च यांपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि त्याच्या सोबत्यांच्या घरची परिस्थिती त्याच्या गुणांवर अधिक परिणाम करते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या तपशिलावर पुष्कळ वाद झाले. परंतु घरचे उत्पन्न आणि शाळेची सरासरी यांचे नाते घट्ट आहे, ही गोष्ट नंतरच्या संशोधनांतही पुन्हा पुन्हा दिसून आली. म्हणजे दहापैकी नऊ गुण मिळविणारी शाळा उत्तम शिकविते म्हणून तेथील मुले हुशार दिसतात, की शिकलेल्या व सुस्थित आईबापांची मुले तेथे जमतात म्हणून शाळा उत्तम दिसते, हे नुसत्या सरासरीवरून सांगता येत नाही. ज्या वैद्याकडे धडधाकट माणसेच जातात, त्याचे रोगी लवकर बरे होतात यात नवल कसले?

म्हणून जाणकार सरासरी गुणांपेक्षा प्रगती पाहण्यास सांगतात. तिसरीत असताना मूल कोठे होते आणि आठवीत ते कोठे पोहोचले, यांतील अंतर म्हणजे शाळेच्या कामाचे अधिक खरे माप. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक शॉन रीअर्डन यांनी देशातील ११ हजारांहून अधिक जिल्ह्यांचे निकाल या दृष्टीने तपासले. त्यांत शिकागो शहराच्या शाळांविषयीचा निष्कर्ष अनेकांना थक्क करणारा होता. तेथील बहुसंख्य मुले गरीब घरांतील, आणि त्यांची सरासरी देशाच्या सरासरीखाली. परंतु तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ती मुले सहा वर्षांच्या अभ्यासाइतकी मजल मारीत होती. सरासरी पाहणाऱ्याने शिकागोला नापास केले असते; प्रगती पाहणाऱ्याला तेथे शिक्षकांचे कष्ट दिसतात. ही टीका लक्षात घेऊन 'ग्रेटस्कूल्स'नेही २०१७ पासून आपल्या अंकात प्रगती आणि निरनिराळ्या थरांतील मुलांचे निकाल यांना स्थान दिले. इंग्लंडमध्ये तर १९९२ साली स्थापन झालेले तपासणी खाते प्रत्येक शाळेला 'उत्कृष्ट', 'चांगली', 'सुधारणा हवी', 'अपुरी' अशा मोजक्या शब्दांत निकाल देत असे. सबंध शाळेचा न्याय एका शब्दात करणे शिक्षकांवर अन्यायकारक आणि पालकांना दिशाभूल करणारे आहे, अशी ओरड वाढत गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांपुरता हा एका शब्दाचा निकाल बंद करण्यात आला.

मग घर शोधणाऱ्या कुटुंबाने काय करावे? अंकाकडे पाहूच नये, असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे. अंक हा दारावरची पाटी आहे. पाटी वाचून आत जावे, पाटीवरून घर विकत घेऊ नये. अंकाखालचा तपशील उघडून पाहिला तर पुष्कळ गोष्टी कळतात. मुलांची प्रगती किती, शिक्षक टिकतात की दरवर्षी बदलतात, गैरहजेरी किती, मागे पडणाऱ्या मुलांकडे लक्ष दिले जाते काय, हे पाहावे. शाळा चालू असताना तेथे तासभर फिरून यावे. मुख्याध्यापक मुलांना नावाने ओळखतात की नाही, मधल्या सुटीत एकटे बसलेले मूल कोणाच्या नजरेस पडते की नाही, या गोष्टी कोणत्याही तक्त्यात नसतात. ज्या मुलाचे कान अधू आहेत, ज्याला अक्षरे उलटी दिसतात, किंवा ज्याच्या घरची भाषा निराळी आहे, त्याला दहा गुणांच्या शाळेपेक्षा सहा गुणांची शाळा अधिक मानवेल, असेही होते.

हद्दीविषयी तर अधिक सावधपणा हवा. पत्त्यात गावाचे नाव एक आणि शाळा-जिल्हा दुसराच, असे पुष्कळदा घडते. कारण टपालाची विभागणी आणि शाळेची विभागणी यांचा परस्परांशी संबंध नसतो. दलालाचे तोंडी आश्वासन किंवा जाहिरातीतील ओळ यांवर विसंबून न राहता जिल्ह्याच्या कचेरीतून त्या घरक्रमांकाची खात्री करून घ्यावी. दुसरे असे की हद्द ही दगडावरची रेघ नव्हे. नव्या वसाहती उठतात, एक शाळा तुडुंब भरते, दुसरी ओस पडते, आणि मंडळ रेषा हलविते. ज्या शाळेसाठी तीस वर्षांचे कर्ज काढले, ती शाळाच दोन वर्षांनी रेषेपलीकडे गेली, तर कर्ज मात्र तेथेच राहते. शिवाय प्राथमिक शाळा एक, माध्यमिक दुसरी आणि उच्च माध्यमिक तिसरी असते. पाच वर्षांच्या मुलासाठी घर घेताना तिन्ही पाहिल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही. त्यातच घरपट्टी येते. महागड्या जिल्ह्यात ती जन्मभर भरावी लागते. मुले शिकून निघून गेली तरी ती थांबत नाही.

सर्वांत मोठा हिशेब पैशाचा दिसत असला तरी वस्तुतः तो वेळेचा असतो. चढ्या किमतीचे घर घेण्यासाठी आईबापांना दूरची नोकरी पत्करावी लागली, रोज दोन तास मोटारीत काढावे लागले आणि संध्याकाळी मुलाजवळ बसण्यास कोणी उरले नाही, तर जे मिळविण्यासाठी घर घेतले तेच हातचे गेले. कोलमन यांच्या अहवालाने घराला जे महत्त्व दिले, ते घराच्या किमतीला नव्हे, घरातील माणसांना. घर कोणत्या हद्दीत आहे याइतकेच त्या घरात रात्री दिवा लावून कोण बसते, हेही महत्त्वाचे आहे.

तथापि ज्यांना निवड करता येते त्यांचीच ही चिंता आहे. ज्यांना निवडच नाही, त्यांचे काय? ओहायो राज्यातील अॅक्रन शहरातील एका आईने आपल्या दोन मुलींना शेजारच्या जिल्ह्यातील शाळेत घातले आणि पत्ता म्हणून मुलींच्या आजोबांचे घर दाखविले. जिल्ह्याने पाळत ठेवून ही गोष्ट उघडकीस आणली. २०११ साली खोटी कागदपत्रे केल्याबद्दल त्या आईला शिक्षा झाली आणि नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. देशभर हळहळ व्यक्त झाली. पुढे त्या राज्याच्या गव्हर्नरांनी गुन्ह्याचे स्वरूप सौम्य केले. कायद्याच्या दृष्टीने तिने खोटे लिहिले, यात शंका नाही. परंतु जी गोष्ट दुसऱ्या आईला धनादेश लिहून मिळते, तीच मिळविण्यासाठी एका आईला तुरुंगात जावे लागते, तेव्हा दोष केवळ त्या आईचा मानावा काय, हा प्रश्न त्या निकालाने मिटला नाही.

हा पेच अमेरिकेपुरताच नाही. चीनमध्ये नामांकित शाळेच्या हद्दीतील जुनी, अंधारी, लहानशी खोलीही अवाच्या सवा किमतीला जाऊ लागली. तेव्हा पेइचिंगच्या शीचेंग विभागाने ठरविले की ३१ जुलै २०२० नंतर घर घेणाऱ्यास एका विशिष्ट शाळेची हमी मिळणार नाही. भोवतालच्या अनेक शाळांपैकी एखादी मिळेल. घर आणि शाळा यांची गाठ सैल करण्याचा हा एक उपाय होय.

भारतात गोष्ट निराळ्या वाटेने गेली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. वस्तीतील श्रीमंत व गरीब, सर्व जातीधर्मांची मुले एकाच जवळच्या शाळेत शिकावीत, म्हणजे ती परस्परांना ओळखतील, असा तिचा हेतू होता. अमेरिकेत ज्या रेषेने मुलांना वेगळे केले, त्याच रेषेने येथे मुलांना एकत्र आणावयाचे होते. ते स्वप्न फार थोडे साकार झाले. कारण येथे ज्याला परवडते तो घर न बदलता फी भरून शाळा बदलतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यान्वये पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे नियम झाले, आणि खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवाव्यात असे बंधन आले. एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून सूट देणारा बदल महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द ठरविला. अंतराचे हे माप गरिबाच्या मुलासाठी दार उघडणारे असावे, बंद करणारे नव्हे, हेच त्या निर्णयाने सिद्ध केले. दिल्लीतही खासगी शाळांच्या शिशुवर्गात प्रवेश देताना जवळ राहणाऱ्यांना शंभरपैकी सत्तर गुण देण्याचा नियम झाला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने १९६३ पासून ज्या शाळा चालविल्या, त्या आज केंद्रीय विद्यालये म्हणून देशभर पसरल्या आहेत. भोपाळहून बंगळूरला किंवा नागपूरहून गुवाहाटीला बदली झालेल्या मराठी कुटुंबाला त्यांचा आधार वाटतो, तो त्या घरामागे नव्हे तर माणसामागे येतात म्हणून. शाळेने मुलापर्यंत यावे, मुलाने शाळेपर्यंत पोहोचण्यासाठी घर विकत घेऊ नये, या तत्त्वाचे ते एक लहानसे उदाहरण आहे.

चांगल्या शाळेसाठी धडपडणाऱ्या आईबापांना कोणी नावे ठेवू नयेत. आपल्या मुलाचे हित पाहणे हा त्यांचा धर्मच आहे. परंतु प्रत्येक कुटुंब आपल्या मुलाला घेऊन रेषेच्या अलीकडे आले, तर पलीकडच्या शाळेसाठी भांडणारे कोणीच उरत नाही, आणि पलीकडची शाळा अधिकच खालावते. जो सुजाण पालक घर घेताना हद्दीची चौकशी करतो, त्याने घर घेऊन झाल्यावर मंडळाच्या सभेत बसून पलीकडच्या शाळेचीही चौकशी करावी. घराची किंमत एकदाच मोजावी लागते. शेजारच्या मुलांना मिळालेल्या शिक्षणाची किंमत मात्र सबंध गाव पिढ्यान्‌पिढ्या मोजीत असते.